टीबीएम, बीडीई, एबीएम, आरबीएम... फार्मा सेल्समधली पदं नेमकी वाचायची कशी

बी.फार्म नाहीतर बीएस्सी झाल्यावर नोकरीच्या ॲपवर "फार्मा सेल्स" टाकून बघा, पहिल्या पानावरच डोकं गरगरतं. टेरिटरी बिझनेस मॅनेजर, बिझनेस डेव्हलपमेंट एक्झिक्युटिव्ह, प्रोफेशनल सर्व्हिस ऑफिसर, सायंटिफिक ऑफिसर, हेल्थकेअर एक्झिक्युटिव्ह, थेरपी मॅनेजर, आणि जाहिरात शेवटपर्यंत वाचली की काम सगळीकडे एकच निघतं, दिवसभर डॉक्टर भेटायचे, मेडिकलच्या काउंटरवर ऑर्डर काढायची, स्टॉकिस्टकडे (म्हणजे कंपनीचा माल ठेवणाऱ्या होलसेलरकडे) माल आहे का बघायचं आणि रात्री ॲपमध्ये रिपोर्ट भरायचा. म्हणजे एमआर, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. नाव काहीही असो, काम एमआरचं.

एवढी नावं कशाला? तर "एमआर" म्हटलं की लोक नाक मुरडतात, लग्नाच्या बायोडेटावर "बिझनेस मॅनेजर" लिहिलेलं बरं दिसतं, आणि कंपनीलाही पगार वाढवण्यापेक्षा नवीन व्हिजिटिंग कार्ड छापून देणं कितीतरी स्वस्त पडतं. त्यात काही वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण फ्रेशर पोरं-पोरी नावावरून नोकरी निवडतात आणि जॉइन झाल्यावर कळतं की "मॅनेजर" म्हणजे मॅनेज करायला हाताखाली कोणीच नाही, फक्त बॅग आहे. म्हणून हे पायरीपायरीने लिहितोय, जाहिरात हातात घेऊन वाचा.

पायरी १: आधी बघा ही नोकरी आहे की धंदा

हे सगळ्यात आधी, कारण इथे चुकलं तर पुढच्या पायऱ्यांना अर्थच नाही.

फार्मात एक प्रकार आहे पीसीडी, म्हणजे प्रोपगंडा कम डिस्ट्रिब्युशन. चंदीगड, पंचकुला, बद्दी या पट्ट्यात अशा ढीगभर कंपन्या आहेत. त्यांच्या जाहिरातीत "एरिया मॅनेजर पाहिजे, मोनोपोली राइट्स, आकर्षक मार्जिन, प्रमोशनल मटेरियल फ्री" असं असतं. हा जॉब नाही. तुम्ही स्वतःच्या पैशाने माल घ्यायचा, स्वतः डॉक्टर फिरायचे, स्वतः विकायचा, राहिला तर तुमच्या घरात. शिवाय औषधाचा होलसेल करायचा तर ड्रग लायसन्स लागतं, फॉर्म २० बी आणि २१ बी, जीएसटी नंबर वेगळा. पाच-सात वर्षं फील्ड केलेले, डॉक्टरांशी घट्ट ओळखी असलेले लोक हे करतात आणि चांगले कमावतात, पण कॉलेजमधून कालच बाहेर पडलेल्याने "एरिया मॅनेजर" नाव बघून यात उडी मारू नये. ओळख करून घ्यायची सोपी खूण म्हणजे जाहिरातीत पगार, टीए-डीए (प्रवासाचा आणि रोजचा भत्ता), पीएफ यातलं काहीच नसतं, आणि मिनिमम ऑर्डर किंवा डिपॉझिट हा शब्द कुठेतरी असतोच.

दुसरी गोष्ट पेरोलची. काम मोठ्या कंपनीच्या नावाचं, पण अपॉइंटमेंट लेटर भलत्याच मॅनपॉवर एजन्सीचं. याला थर्ड पार्टी पेरोल म्हणतात. ते घ्यायचंच नाही असं नाही, पण पुढे रिझ्युमेत कोणाचं नाव लिहिता येणार, कन्फर्मेशन मिळणार का, इन्सेंटिव्ह कंपनीच्या लोकांएवढाच आहे का, हे आधी विचारून घ्या.

पायरी २: शिडी समजून घ्या

कंपनी कुठलीही असो, फील्डची शिडी साधारण अशीच असते. सगळ्यात खाली एमआर, मग त्याला कुठलंही गोंडस नाव असू द्या. त्याच्यावर फर्स्ट लाइन मॅनेजर, ज्याच्याकडे साधारण चार-पाच-सहा एमआर असतात. त्याला एबीएम (एरिया बिझनेस मॅनेजर) म्हणतात, एएसएम (एरिया सेल्स मॅनेजर) म्हणतात, जुन्या धाटणीच्या कंपन्यांत डीएम म्हणजे डिस्ट्रिक्ट मॅनेजर म्हणतात. त्याच्यावर सेकंड लाइन, आरएसएम किंवा आरबीएम (रीजनल सेल्स किंवा बिझनेस मॅनेजर), त्याच्याकडे असे चार-पाच एबीएम. त्याच्यावर झेडएसएम किंवा झेडबीएम (झोनल सेल्स किंवा बिझनेस मॅनेजर), मग सेल्स मॅनेजर, नॅशनल सेल्स मॅनेजर, आणि वर बीयू (बिझनेस युनिट) हेड, व्हीपी वगैरे, ज्यांचं दर्शन आपल्याला सायकल मीटिंगच्या, म्हणजे ठरावीक महिन्यांनी होणाऱ्या सेल्स मीटिंगच्या स्टेजवर होतं.

आता गोंधळ कुठे होतो ते सांगतो. काही कंपन्यांत आरबीएम हाच फर्स्ट लाइन असतो, म्हणजे दुसरीकडे जो एबीएम, तोच इथे आरबीएम. डीएम म्हणजे एका ठिकाणी डिस्ट्रिक्ट मॅनेजर, दुसऱ्या ठिकाणी डिव्हिजनल मॅनेजर, आणि दोघांत दोन लेव्हलचा फरक. बीएम म्हणजे बिझनेस मॅनेजर की ब्रँड मॅनेजर? पहिला उन्हात, दुसरा एसीत. टेरिटरी मॅनेजर एका कंपनीत नुसता एमआर, आणि एखाद्या छोट्या कंपनीत त्याच्याखाली दोन पोरं असतात. म्हणून दोन कंपन्यांची पदं शेजारी ठेवून "मला आरबीएम मिळतंय, म्हणजे प्रमोशन" असा हिशोब कधीच करायचा नाही.

यात अजून एक जात आहे, वर्किंग मॅनेजर. छोट्या कंपन्या "एबीएम" देतात, पण स्वतःची टेरिटरी तशीच गळ्यात ठेवतात, स्वतःचं टार्गेटही आणायचं आणि वर तीन लोकांचंही. तसंच "एबीएम डेझिग्नेट", "ऑफिशिएटिंग एबीएम", "टीम लीडर" ही मधली पदं, काम मॅनेजरचं आणि पगार अजून एमआरचाच, लेटर "परफॉर्मन्स बघून" नंतर. आणि सीनियर, असिस्टंट मॅनेजर, डेप्युटी मॅनेजर असले शब्द मागेपुढे लागले की बऱ्याचदा ती फक्त ग्रेड असते, सकाळी उठून करायचं काम तेच.

पायरी ३: चार प्रश्न

कुठलंही पद असू दे, हे चार प्रश्न विचारले की खरी लेव्हल उघडी पडते.

एक, माझ्याखाली किती लोक? शून्य असेल तर विषय संपला, एमआर.

दोन, मी कोणाला रिपोर्ट करणार आणि तो कुठल्या गावात बसतो? नवीन माणसासाठी हा फार मोठा प्रश्न आहे, कारण पहिल्या वर्षी तुम्ही जे काही शिकता ते एबीएमच्या जॉइंट वर्कमध्ये, म्हणजे तो तुमच्याबरोबर फील्डवर फिरतो तेव्हा शिकता. तुमचं हेडक्वार्टर धाराशिव आणि बॉस पुण्यात असेल तर महिन्यात किती दिवस तो तुमच्याबरोबर उभा राहणार, स्पष्ट विचारा. लाजायचं नाही.

तीन, हेडक्वार्टर, एक्स आणि आउटस्टेशन कुठलं? हेडक्वार्टर म्हणजे जिथे राहायचं ते गाव, एक्स म्हणजे सकाळी जाऊन संध्याकाळी परत, आउटस्टेशन म्हणजे मुक्काम. तिन्हीचा डीए वेगळा असतो आणि मोटरसायकलचा किलोमीटर रेट त्याच्यावर. बेसिक पगार दोन कंपन्यांत सारखा असला तरी इथे महिन्याला बऱ्यापैकी फरक पडतो, आणि कंपनी डीए देताना लॉजचं खरं भाडं धरते की जुनाच आकडा, हेही बघा.

चार, टार्गेट किती, आणि ते प्राइमरीवर की सेकंडरीवर? प्राइमरी म्हणजे कंपनीच्या सीएनएफकडून (माल साठवून पुढे पाठवणाऱ्या एजंटकडून) स्टॉकिस्टला गेलेला माल, सेकंडरी म्हणजे स्टॉकिस्टकडून मेडिकलवाल्याला गेलेला. टार्गेट नुसतं प्राइमरीवर असलं की काय होतं ते कुठल्याही महिन्याच्या ३० तारखेला स्टॉकिस्टच्या गोडाऊनमध्ये जाऊन बघा, सगळ्या कंपन्यांचे एमआर आणि एबीएम तिथेच, "भाऊ, एवढी दोन लाखाची घ्या, पुढच्या महिन्यात क्लोजिंग (महिनाअखेरचा शिल्लक माल) कमी करतो." मग तो माल पडून राहतो, एक्स्पायरी येते, क्रेडिट नोटसाठी स्टॉकिस्ट तुमच्या मागे, आणि पुढच्या महिन्याचं टार्गेट अजून वर. सेकंडरीवर इन्सेंटिव्ह देणारी कंपनी मिळाली तर पद थोडं लहान असलं तरी घ्या, असं माझं सरळ मत आहे.

याच्याच जोडीला पीसीपीएम विचारा, म्हणजे माणशी दरमहा विक्री. समजा एबीएमच्या टीममध्ये पाच जण आहेत आणि महिन्याला टीमची विक्री २० लाख, तर पीसीपीएम झाला ४ लाख. इंटरव्ह्यूत "सर, या हेडक्वार्टरचा सध्याचा पीसीपीएम किती आणि टार्गेट किती" एवढं विचारलं की समोरचा सावरून बसतो, कळतं पोरगं माहितीचं आहे. सध्याचा ८० हजार आणि टार्गेट अडीच लाख असं उत्तर आलं तर आधीचा माणूस का सोडून गेला याचं उत्तर त्यातच असतं.

एक जाहिरात फोडून बघू

मी नमुन्यासाठी रचलेली आहे, पण अशा रोज दिसतात:

"टेरिटरी बिझनेस मॅनेजर, कार्डिओ-डायबेटिक डिव्हिजन. हेडक्वार्टर अहिल्यानगर, कव्हरेज श्रीरामपूर, राहुरी, शेवगाव, जामखेड. फ्रेशर चालेल. टू-व्हीलर आवश्यक. प्रिस्क्रिप्शन जनरेशन, पीओबी, कलेक्शन."

टेरिटरी बिझनेस मॅनेजर आणि फ्रेशर चालेल, हे एकाच जाहिरातीत आलं म्हणजे एमआर, यात शंकाच नको. कार्डिओ-डायबेटिक म्हणजे बीपी, शुगरच्या गोळ्या, डॉक्टर लिस्टमध्ये एमडी फिजिशियन, कार्डिओलॉजिस्ट आणि चांगली प्रॅक्टिस असलेले जीपी. ही क्रॉनिक थेरपी, पेशंट एकदा गोळीवर बसला की महिनोन्महिने तीच घेतो, त्यामुळे सुरुवातीला प्रिस्क्रिप्शन मिळवायला घाम निघतो पण एकदा बसलं की विक्री टिकून राहते. ॲक्यूट डिव्हिजनला, म्हणजे अँटिबायोटिक, खोकल्याची औषधं, तिथे उलटं, पावसाळ्यात धो-धो आणि मार्च-एप्रिलला तोंड कोरडं.

कव्हरेजमध्ये राहुरी म्हणजे एक्स, पण जामखेड तुम्हाला एक्स देतात की आउटस्टेशन? अंतर बघा, डॉक्टरची संध्याकाळची ओपीडी आठ-साडेआठपर्यंत चालते, त्यानंतर रात्री त्या रस्त्याने मोटरसायकलवर परत यायचं असेल तर कंपनी डीए वाचवतेय. पीओबी म्हणजे काउंटरवर तुम्ही स्वतः घेतलेली ऑर्डर, ते ठीक आहे. पण "कलेक्शन" शब्द दिसला की थांबा. नीट बांधलेल्या कंपनीत पैसे वसूल करणं एमआरच्या कामात नसतं, स्टॉकिस्ट आणि सीएनएफचा व्यवहार वेगळा चालतो. कलेक्शन तुमच्याकडे आहे याचा अर्थ कंपनी छोटी, आणि उधारी अडकली की पहिला फोन तुम्हाला.

आणि या जाहिरातीत आरसीपीएचं (रिटेल केमिस्ट प्रिस्क्रिप्शन ऑडिटचं) नाव नसलं तरी ते करावंच लागणार, मेडिकलच्या काउंटरला उभं राहून कुठला डॉक्टर कुठला ब्रँड किती लिहितो हे काढायचं. नोकरी लागायच्या आधीच हे थोडं करून बघा. गावातल्या दोन-तीन मोठ्या मेडिकलवाल्यांना विचारा की या कंपनीचा माल हलतो का, त्यांचा माणूस येतो का, एक्स्पायरी परत घेतात का. एचआर जे पंधरा मिनिटांत सांगणार नाही ते काउंटरवरचा माणूस एका वाक्यात सांगतो. दुपारी डॉक्टरच्या वेटिंगमध्ये बसलेले इतर एमआरही सांगतात, आपले लोक या बाबतीत दिलदार आहेत.

पायरी ४: बाजूच्या वाटा

सगळं काही एमआर-एबीएम शिडीवरच नसतं. की अकाउंट मॅनेजर, म्हणजे केएएम, हे पद हॉस्पिटलसाठी. इथे ओपीडीबाहेर थांबण्यापेक्षा हॉस्पिटलचं परचेस डिपार्टमेंट, फॉर्म्युलरी (हॉस्पिटलची मंजूर औषधांची यादी), रेट काँट्रॅक्ट याच्याशी जास्त संबंध. खाली माणसं नसली तरी हे पद एमआरच्या वरचं धरतात. "इन्स्टिट्यूशन" किंवा "गव्हर्नमेंट बिझनेस" लिहिलं असेल तर टेंडर आलं, ईएसआयसी, रेल्वे, महापालिका, जेम पोर्टल (सरकारी ऑनलाइन खरेदीचं). महाराष्ट्रात सरकारी औषध खरेदीसाठी २०२३ च्या कायद्याने वेगळं प्राधिकरण झालंय, पूर्वी ते काम हाफकिनकडे होतं. कागदपत्रांचा कंटाळा असेल तर या वाटेला जाऊ नका.

पीएमटी म्हणजे प्रॉडक्ट मॅनेजमेंट टीम. प्रॉडक्ट एक्झिक्युटिव्ह, प्रॉडक्ट मॅनेजर, ग्रुप प्रॉडक्ट मॅनेजर अशी त्यांची वेगळी शिडी. तुम्ही डॉक्टरसमोर जी व्हिज्युअल एड, म्हणजे औषधाच्या माहितीची चित्रांची फाइल, उघडता ती हे लोक बनवतात. बी.फार्म आणि वर एमबीए असेल तर थेट घेतात, नाहीतर फील्डमधून इंटरनल इंटरव्ह्यू देऊन जाता येतं. ऑफिस बहुतेक मुंबईतच, सिप्ला, ल्युपिन, ग्लेनमार्क सगळ्यांची हेड ऑफिसं तिथेच, एमक्युअर पुण्यात, त्यामुळे आपल्या पोरांना हे त्यातल्या त्यात जवळ आहे.

एमएसएल, मेडिकल सायन्स लिएझॉन, हे नाव सेल्सच्या जाहिरातींत मिसळलेलं दिसतं पण ते सेल्स नाही. तो मेडिकल अफेअर्सला रिपोर्ट करतो, विक्रीचं टार्गेट नसतं, डॉक्टरांशी स्टडी आणि डेटावर बोलतो. साधारण एमबीबीएस, एमडी, फार्म.डी, पीएचडी लोक घेतात. "एमएसएल पाहिजे, टार्गेट प्लस इन्सेंटिव्ह" असं कोणी लिहिलं असेल तर तो एमआरच, फक्त टाय लावलेला.

पायरी ५: डिव्हाइसची गोष्ट वेगळी

स्टेंट, ऑर्थो इम्प्लांट, मॉनिटर, व्हेंटिलेटर विकणाऱ्या कंपन्यांत टेरिटरी मॅनेजर म्हणजे बहुतेक वेळा एकटा माणूसच, पण पगार फार्माच्या एमआरपेक्षा बरा असतो. तिथे प्रॉडक्ट स्पेशालिस्ट आणि क्लिनिकल किंवा ॲप्लिकेशन स्पेशालिस्ट ही दोन पदं नीट ओळखा. पहिला विकतो. दुसरा मशीन किंवा इम्प्लांट वापरताना डॉक्टर आणि स्टाफला मदत करतो, ट्रेनिंग देतो, आणि त्याचं टार्गेट विक्रीपेक्षा केसेस आणि इन्स्टॉलेशनवर असतं. सर्व्हिस इंजिनिअर हा तिसरा, बायोमेडिकलवाल्यांसाठी.

ऑर्थोमध्ये काम कसं असतं ते एकदा बघाच. रात्री अकराला फोन, सकाळी सातला गुडघ्याची केस आहे, इम्प्लांटचा सगळा सेट ट्रेमध्ये साइजनुसार मोजून हॉस्पिटलला ऑटोक्लेव्हला (निर्जंतुक करायला) पोचवायचा, सकाळी ऑपरेशन थिएटरचे कपडे घालून आत उभं राहायचं, सिस्टरने साइज मागितली की ती बरोबर दाखवायची, आणि केस संपल्यावर वापरलेल्या पीसची नोंद आणि बिल. कार्डिओत असाल तर कॅथलॅबमध्ये लेड ॲप्रन घालून तासन्‌तास उभं राहणं. ज्याला हे आवडतं त्याला फार्माचं डिटेलिंग, म्हणजे डॉक्टरला औषधाची माहिती सांगणं, पुन्हा गोड लागत नाही. फक्त एक तपासा, जाहिरात मोठ्या ब्रँडची असली तरी नोकरी त्याच्या डिस्ट्रिब्युटरकडे आहे का. महाराष्ट्रात असं सर्रास आहे.

पायरी ६: लेटर हातात आल्यावर

"मॅनेजर" पदाने कायद्यात फरक पडतो का, हा प्रश्न हमखास येतो. एमआर लोकांसाठी १९७६ चा सेल्स प्रमोशन एम्प्लॉइज कायदा होता, त्यात अपॉइंटमेंट लेटर देणं कंपनीवर बंधनकारक होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लेबर कोड लागू झाले आणि हा कायदा त्यात सामावला गेला, पण इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडच्या "वर्कर"च्या व्याख्येत सेल्स प्रमोशन एम्प्लॉयी नावाने आहे. मुख्यतः मॅनेजरचं काम करणारे त्यातून बाहेर राहतात, आणि इथेच मेख आहे, कारण वाद झाला तर बघितलं जातं ते खरं काम काय होतं ते, नुसतं कार्डावरचं नाव नाही. म्हणून टूर प्रोग्रॅम, डेली रिपोर्ट, टार्गेट शीट याच्या कॉपी स्वतःकडे ठेवत जा. शंका असली तर एमएसएमआरए, म्हणजे महाराष्ट्रातल्या एमआर लोकांची संघटना, तिच्या जवळच्या युनिटमध्ये विचारा.

गंमत म्हणजे सरकारने १२ मार्च २०२४ ला आणलेल्या यूसीपीएमपी कोडनेही (औषध मार्केटिंगच्या आचारसंहितेनेही) पदांच्या नावांना भीक घातलेली नाही. औषधाच्या प्रमोशनसाठी डॉक्टर, मेडिकल किंवा हॉस्पिटलला जाणारा कंपनीचा कोणीही, अगदी थर्ड पार्टी काँट्रॅक्टवरचा असला तरी, त्यात मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हच धरलाय. डॉक्टरांना आणि घरच्यांना वैयक्तिक गिफ्ट नाही, एका डॉक्टरला एका औषधाचे वर्षाला १२ पेक्षा जास्त सॅम्पल पॅक नाहीत, आणि डॉक्टरने भेटायला वेळ द्यावा म्हणून पैसे देणं तर नाहीच. इंटरव्ह्यूत एखादा मॅनेजर तुम्हाला "डॉक्टर सांभाळायची तयारी आहे ना" असं डोळा मिचकावून विचारत असेल तर समजून घ्या.

लेटरमध्ये पद, ग्रेड, हेडक्वार्टर, प्रोबेशन किती महिने, कन्फर्मेशन कशावर, नोटीस पीरियड, आणि ट्रान्सफरचं कलम एवढं वाचा. इन्सेंटिव्ह बहुतेक लेटरमध्ये नसतोच, वेगळं सर्क्युलर असतं. ते मागा. तोंडी सांगितलं असेल तर त्याच दिवशी एचआरला साधा मेल टाका, "आज बोलण्यात असं असं ठरलं, कृपया कन्फर्म करावं". उत्तर नाही आलं तरी मेल राहतो.

पायरी ७: रिझ्युमेत काय लिहायचं

लेटरवर जे पद आहे तेच लिहा, बॅकग्राउंड चेकमध्ये तेच जुळवतात. पण त्याच्या खालच्या ओळीत खरं काम ओता. "टेरिटरी बिझनेस मॅनेजर" एवढ्यावर समोरच्याला काहीच कळत नाही. "टेरिटरी बिझनेस मॅनेजर, फ्रंटलाइन, हेडक्वार्टर जळगाव, कार्डिओ-डायबेटिक, १२० डॉक्टर, पीसीपीएम २.८ लाखावरून ४.१ लाख" असं लिहिलं की वाचणारा आरबीएम तुम्हाला दहा सेकंदात लेव्हलला बसवतो. आकडे तुमचे खरे टाका, कारण फार्मात सगळे सगळ्यांना ओळखतात, त्या हेडक्वार्टरच्या स्टॉकिस्टला एक फोन गेला की स्टेटमेंट बाहेर येतं.

नोकरी शोधतानाही एकच नाव टाकून बसू नका. एमआर, टीबीएम, बीडीई, पीएसओ (प्रोफेशनल सर्व्हिस ऑफिसर), टेरिटरी मॅनेजर, सगळी नावं आलटून पालटून सर्च करा आणि शेजारी हेडक्वार्टरच्या गावाचं नाव टाका, नगरचं आणि संभाजीनगरचं जुनं नावही टाकून बघा, बऱ्याच एचआरवाल्यांनी अजून जुनीच नावं ठेवलीयेत.